परग्रहवाशाच्या पायातली जोडवी

मधूभावजी गेल्याची बातमी मला आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांनी सांगितली. आमच्या दोन वाड्यांच्या मध्ये एक बांध काय तो आडवा, पण ते मुंबईला इस्पितळात होते आणि त्यांच्या बायकोचा, निर्मलाचा, फोन यायच्या आधी ती बातमी पुण्याच्या एका मुलाच्या मोबाईलवर येऊन पोचली. मी घावणे वाढत होते. तो मुलगा म्हणाला, "काकू, 'वाडीवर आक्रमण'वाले मधू गेले हो. इथलेच ना ते?" मी म्हटलं, "हो, शेजारी होते." एवढंच म्हटलं आणि चटणी आणायला आत गेले. आत जाऊन मोरीपाशी उभी राहून रडले, ते वेगळं. पण बाहेर मी जे म्हटलं, त्याची मला अजून लाज वाटते.

'वाडीवर आक्रमण' ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. भावजी लग्नांचं व्हिडीओ शूटिंग करायचे. दिवेआगरपासून पार दिघीपर्यंत कुणाचंही लग्न असो, खांद्यावर कॅमेरा घेऊन हे हजर. लग्नसराई संपली की हातात काम नसे आणि डोक्यात मात्र नसती भुतं. त्यातूनच हा सिनेमा निघाला. कुठल्याशा ग्रहावरचं पाणी आटतं आणि तिथले लोक आमच्या विहिरींचं गोडं पाणी लुटायला येतात, अशी गोष्ट. पुढे त्याचे पाच भाग झाले. पहिला भाग गावच्या उत्सवात देवळामागच्या मैदानात पडदा लावून दाखवला, मग केबलवर लागला, मग सीड्या निघाल्या. आता शहरातली मुलं त्याचे तुकडे मोबाईलवर पाहतात, सदरे छापतात, आणि कुठला भाग श्रेष्ठ यावर भांडतात. आमच्या गावात मात्र इतकी वर्षं त्याला 'मधूचा खुळेपणा' असंच नाव होतं.

परग्रहवासी विरीचे होते. सुपारीची झावळी खोडाला जिथे वेढून असते ती जाड साल म्हणजे विरी. तिच्या आम्ही पत्रावळी करतो. भावजींनी तिचे मुखवटे केले, छातीवरची चिलखतं केली, आणि काथ्याचे केस लावले. पहिल्या भागात सेनापती व्हायला बोर्लीचा एक उंचापुरा ट्रक ड्रायव्हर ठरला होता. त्याला ऐन वेळी पनवेलची फेरी लागली. शूटिंग आमच्याच वाडीत होतं आणि मी चहा घेऊन गेले होते. भावजी माझ्याकडे खालून वर बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, उंची तेवढीच हाय तुमची."

ही उंची माझ्या जिवाला घोर होती. नवऱ्यापेक्षा चार बोटं उंच. लग्न होऊन आले तशी ताडमाड, ताडमाड ऐकत होते. फोटोत सुद्धा गुडघे वाकवून उभी राहायचे. हे मुंबईला नोकरीला, सासूबाई त्या दिवशी श्रीवर्धनला भाच्याकडे गेलेल्या. भावजी म्हणाले, "तोंड दिसणार न्हाय. नाव घेणार न्हाय. नारळाची शपथ." मी साडीचा काचा मारला, हातापायांना खोबरेल आणि काजळी चोपडली आणि तो मुखवटा चढवला. आत मरणाचा उकाडा, स्वतःच्याच श्वासाचा वास... आणि काय सांगू, मी ओरडले. गावातले बापये मंडळी, ज्यांच्यासमोर मी पदर सावरल्याशिवाय कधी गेले नव्हते, ती माझ्यापुढे पोफळींतून धोतरं सावरत पळत होती. एवढ्या मोकळ्या आवाजात मी आयुष्यात ओरडले नव्हते. घरी येऊन राखेने पाय घासले, वरणाला फोडणी दिली आणि सासूबाई आल्या तेव्हा गुडघे वाकवून त्यांना पाणी दिलं.

उत्सवात पडदा लागला तेव्हा मी सासूबाईंच्या शेजारी बसले होते. सेनापती विहिरीच्या काठावर पाय ठेवतो तो क्षण आला. काळाकुट्ट पाय, आणि त्यावर बत्तीच्या उजेडासारखी चमकणारी चांदीची जोडवी अन् मासोळ्या! काढायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. नवरा धडधाकट असताना जोडवी कोण काढतं? आणि भावजींनी पाहिलं असणार, पण लग्नांच्या शूटिंगमध्ये जोडव्यांचे पाय टिपायची त्यांच्या हाताला इतकी सवय की त्यांना ते खटकलंच नाही. सगळं मैदान खो-खो हसलं. सासूबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "मध्याचं डोकं फिरलंय. पुरुषाच्या पायात जोडवी?" मी पाय साडीच्या आत ओढून घेतले. तो भाग कधीही, कुठेही लागला की माझे पाय आपोआप आत जातात.

दुसऱ्या दिवशी बांधावर मी भावजींना गाठलं. रडले, भांडले. म्हटलं, त्या मासोळ्या गावात कुणी ओळखल्या तर मला माहेरी पाठवतील. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला, आणि त्यात परग्रहावरचे झाडून सगळे पुरुष जोडवी घालून उतरले! पितळी, चांगली ठसठशीत. त्या ग्रहावर म्हणे पायाच्या बोटांतून ऐकू येतं आणि जोडव्यांनीच आभाळातला संदेश कळतो. मी संतापले. वाटलं, हा माणूस झाकायचं सोडून दवंडी पिटतोय. तेव्हा ते हसून म्हणाले, "वहिनी, एकाच्या पायात दिसली तर ती बाई. पाचांच्या पायात दिसली तर तो परग्रह."

खरंच, त्यानंतर कुणी शंका घेतली नाही. पण हसू त्यांच्या वाट्याला आलं. लग्नाचं शूटिंग ठरवायला गेले तरी लोक विचारायचे, नवरदेवाला जोडवी घालणार का? तिसऱ्या भागात त्यांचे परग्रहवासी दिघीहून आगरदांड्याला फेरीबोटीने गेले, तेव्हा बोटीतल्या एका आजोबांनी सेनापतीला विचारलं, "कुठल्या गावचे तुम्ही?" भावजींनी ते तसंच ठेवलं. मी मुखवट्याच्या आतून मान हलवली. चौथ्या भागापर्यंत मीच होते सेनापती, सासूबाईंच्या श्रीवर्धनच्या फेऱ्या सांभाळून. शेवटी नावं यायची त्यात प्रत्येक वेळी एकच ओळ: सेनापती – एक शेजारी.

मग चक्रीवादळ आलं. आमची वाडी आडवी झाली, त्यांची आडवी झाली. सासूबाई तोवर गेल्या होत्या. पडलेल्या पोफळींवर बसून मी नुसती बघत होते, आणि भावजी कॅमेरा घेऊन आले. मला राग आला. ते म्हणाले, "वहिनी, पाचवा भाग. आता लुटायला काय उरलंच न्हाय, तर सेनापती काय करंल?" मी पन्नाशी ओलांडलेली, गुडघे दुखरे. तरी मुखवटा चढवला. संवाद नव्हते. सेनापती पडलेल्या झाडांमधून फक्त चालतो, मध्येच एका बुंध्यावर हात ठेवतो. ती माझ्या सासऱ्यांनी लावलेली पोफळ होती. मी आत रडत होते हे भावजींखेरीज कुणाला माहीत नाही. शहरातल्या मुलांना हाच भाग सगळ्यात आवडतो. त्यावर मोठमोठं लिहितात, त्या 'एक शेजारी'ला थोर नट म्हणतात. कुणी म्हणतं तो मुरुडचा कोळी होता, कुणी म्हणतं भावजी स्वतःच. मी वाचते आणि मोबाईल पालथा ठेवते.

गेल्या आठवड्यात त्या मुलांनी भावजींच्या आठवणीसाठी त्याच मैदानात पाचही भाग लावले. पुण्यामुंबईहून पोरं आली, गावही बसलं. विहिरीच्या काठावर पाय आला आणि एकच गलका झाला. माईकवरची मुलगी प्रेमानेच म्हणाली, "मधूकाकांना त्या काळात परग्रहवासी कसे असतात हे कुठून माहीत असणार!" सगळे हसले. एका वाक्याने मला ते हसू थांबवता आलं असतं. सासूबाई नाहीत, हे रिटायर होऊन घरी आलेत, मला आता कोण कुठे पाठवणार होतं? पण माझे पाय आत गेले आणि तोंड बंद राहिलं. निर्मला शेजारी होती. तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक. माझा हात दाबून ती म्हणाली, "राहू द्या वैनी. ह्यांनी ते हसू जन्मभर अंगावर घेतलं, तुम्ही कशाला..." मेलेल्या माणसाच्या मागे त्याची बायकोसुद्धा मला झाकत होती. घरी आले. ह्यांनी काय झालं म्हणून विचारलं तर म्हटलं, डास फार होते.

सकाळी निर्मलाकडे गेले. त्यांच्या पडवीत अजून तो सेनापतीचा मुखवटा खुंटीला आहे. विरी वाळून आखडली आहे, काथ्याच्या केसांना कसर लागली आहे. खाली करवंटीत ती पितळी जोडवी, हिरवी पडलेली. माईकवाली मुलगी आणि तिचे मित्र फोटो काढायला आले होते. उंबऱ्याबाहेर बुटांची रास. मी कट्ट्यावर बसले, पाय साडीत. मुलीने मुखवटा खाली काढला, फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, "काकू, घालून बघू का?"

"बघ," मी म्हटलं. "पण आधी पाणी पिऊन घे. आत फार उकडतं. आणि डाव्या कानापाशी टोचतं, तिथे रुमाल दुमडून ठेव."

ती रुमाल शोधू लागली आणि मध्येच थांबली. "तुम्हाला कसं माहीत?"

निर्मला आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती दारातच उभी राहिली. मी पाय साडीतून बाहेर काढले आणि पडवीच्या जमिनीवर, उजेडात, टेकवले.