दादाला माफ करायची तयारी

पुण्याला निघालो त्या सकाळी मी दादाशी बोलायचं नाही असं ठरवलं आणि तसाच गाडीत चढलो. तिकीट दादाच्या खिशात राहिलं.

गाडी हलली तेव्हा तो फलाटावरून खिडकीच्या बरोबरीनं पळत होता. हातात काहीतरी धरून हलवत होता. मी समोरच्या बाकाकडे बघत बसलो. तिथल्या बाईंनी सांगितलं, "तो माणूस तुम्हाला बोलावतोय बहुतेक." मी म्हणालो, "ओळखत नाही." मनात म्हटलं, झाला वाटतं पश्चात्ताप, माफी मागायची असेल तर पळू दे थोडं. धामणगाव मागे पडलं, बडनेरा यायच्या आधी तिकीट तपासनीस आले, आणि मी सगळे खिसे उलटे केले. तुम्हाला वाटेल तेव्हा तरी उजेड पडला असेल. पडला. मला लख्ख कळलं की दादानं तिकीट मुद्दाम ठेवून घेतलं.

घरातून निघताना आई एवढंच म्हणाली होती, "जेवून जाय बाबू, गाडीत भांडणानं पोट भरत नाही." मी जेवलो नव्हतो. दंड भरून झाल्यावर पुढच्या प्रवासात हे वाक्य बरंच आठवलं.

आम्ही पुलगावचे. गावाला लागून वर्धा नदी. नदीच्या अलीकडे आमचा जिल्हा, तिथं दारूबंदी. पलीकडे अमरावती जिल्हा, तिथं काही अडचण नाही. बाहेरच्यांना वाटतं, दारूबंदीच्या जिल्ह्यातला माणूस पीत नसेल. पितो. त्याला फक्त एक पूल ओलांडावा लागतो, जाताना घाईनं आणि येताना जपून. तिकडच्या मंडळींना हे सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्यांत इकडं जन्मलेलेही असतील, म्हणून लिहिलं.

मी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. कायम नोकरी, बायको शुभांगी, वरच्या मजल्यावरची एक खोली, खाली आई, दादा, वहिनी आणि त्यांची लहानगी मयुरी. हे सगळं एका संध्याकाळी सुटलं. ते कसं सुटलं याची गोष्ट मी पुण्यात आल्यावर इतक्या जणांना सांगितली की तिला चांगली धार आली होती. गोष्ट अशी: मी पलीकडून घेऊन स्कूटरवरून परत येत होतो, दादानं पोलिसांना टीप दिली, पोलिसांनी मला पकडलं, संस्थेनं राजीनामा मागितला, गाव सुटलं. पुरावा? ठाण्यात मला पहिलं ओळखीचं तोंड दिसलं ते दादाचं. दुसरं कोण कशाला येईल तिथं? कारण? वरची खोली. वहिनीला शिलाई मशीन ठेवायला जागा हवी होती. माझ्या दृष्टीनं खटला संपला होता.

शुभांगी महिन्याभरानं सामान घेऊन आली. विश्रांतवाडीत एक खोली, मग वन बीएचके. मला आयटी पार्कातल्या एका इमारतीत व्हिजिटर डेस्कवर काम मिळालं. येणाऱ्याचं ओळखपत्र मागायचं, बॅगेत डोकावायचं, वेबकॅमनं फोटो काढायचा, गळ्यात अडकवायला बॅज द्यायचा. गावात ज्या स्वभावापायी लोक मला टाळायचे, त्याचाच इथं पगार मिळतोय हे कळल्यावर मला पुणं आवडायला लागलं. ॲप्रायझलमध्ये मॅनेजरनं लिहिलं होतं की हा माणूस अतिशय सतर्क आहे. तिकडं प्रयोगशाळेत मी परीक्षानळ्या धुवायचो आणि नववीची मुलं मला सर म्हणायची. इथं बावीस-तेवीस वर्षांची मुलं "भाई, कार्ड विसरलो, एंट्री दे ना" म्हणतात. मी देत नाही.

पुण्यात पूल ओलांडावा लागत नाही. हा फरक माझ्या तब्येतीला मानवला नाही. गावात निदान नदी होती, पेट्रोल लागायचं, पावसाळ्यात खंड पडायचा. इथं घराखालीच दुकान. मी प्यायला बसलो की गोष्ट सुरू व्हायची, आणि गोष्ट सुरू झाली की समोरचा म्हणायचा, "सख्ख्या भावानं असं केलं? मग तू पिणार नाही तर काय करणार?" हे वाक्य ऐकण्यासाठी मी अनेकांना स्वखर्चानं पाजली आहे.

मग एके दिवशी शुभांगी म्हणाली, "एक तर तुम्ही दारू सोडणाऱ्यांच्या खडकीच्या त्या मीटिंगला जा, नाहीतर मी वर्ध्याला माहेरी जाते." मी विचारलं, "तुला दादाचा फोन आला होता का?" तिनं बॅग काढली. मी मीटिंगला गेलो.

मीटिंग शाळेच्या एका वर्गात भरायची. मोठमोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन चौथीच्या बाकांवर बसलेली. चहा फुकट. फुकट चहा पाहिल्यावर मी शेवटच्या बाकावर दाराजवळ बसलो; म्हटलं, आता हे काहीतरी विकणार. नंतर कळलं की विकत काही नाहीत, उलट आपल्याकडंच जे आहे ते बाहेर काढायला लावतात. ते जास्त महाग पडतं. तरी मी टिकलो. पिणं थांबलं. का थांबलं, ते अजूनही मला नीट सांगता येत नाही आणि सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पिणं थांबलं, पण राग तसाच होता. उलट आता तो शुद्धीत यायचा. आमच्या मीटिंगांत स्वतःची झाडाझडती घ्यायची पायरी असते. ज्याच्या-ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव घ्यायचं, कारण सांगायचं, आणि मग 'यात माझा वाटा काय' हे सांगायचं. ऐकायला एक जुना माणूस असतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. माझे स्पॉन्सर मुकुंदराव. मूळचे पेठेतले. विमा कंपनीत दावे तपासायची नोकरी करून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "जळालेल्या गोदामांच्या गोष्टी ऐकण्यात माझी हयात गेली आहे. तेव्हा आपण निवांत सांगा, मला रडू येत नाही."

एका रविवारी सकाळी त्यांच्या गॅलरीत बसलो. मी तयारीनं गेलो होतो. हेडमास्तर, घरमालक, एक शेजारी, राज्य सरकार, अशी सुरुवात करून मी शेवटी दादावर आलो. आणि मोठ्या मनानं जाहीर केलं की मी त्याला माफ करायला तयार आहे. त्या दिवसासाठी शर्टसुद्धा इस्त्रीचा घातला होता.

"उत्तम," मुकुंदराव म्हणाले. "आधी नुकसान समजून घेऊ. आपण दारू घेऊन परत येत होतात. पोलिसांनी कुठं पकडलं?"

"ठाण्यात."

"ठाण्यात." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "म्हणजे आपण आधीपासूनच तिथं होतात."

मी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"आपल्याला ठाण्यात कोणी नेलं?"

"म्हणजे, स्कूटर बाहेर होती."

"पोलिसांनी आणली?"

"नाही. मीच... स्टँडवर लावली होती."

"मग भावानं पोलिसांना नेमकं काय कळवलं? की तुमच्या समोर जो गृहस्थ बसला आहे तो प्यालेला आहे?"

तुम्हाला सांगतो, मला पहिला संशय मुकुंदरावांचाच आला. म्हटलं, दादानं यांना गाठलं. पण दादाला पुण्यात कुत्रं ओळखत नाही. आणि स्कूटर तर माझ्या डोळ्यांपुढं उभी होती, नीट, मधल्या स्टँडवर, हँडल लॉक करून. पकडून आणलेला माणूस हँडल लॉक करत नाही.

मग बाकीचं आलं. असं नव्हे की ते मला कधी आठवत नव्हतं. आठवायचं, पण ते मी गोष्टीच्या बाहेर ठेवलं होतं, कारण गोष्टीत ते बसत नव्हतं. ते असं. पलीकडच्या माणसानं मला दिलेल्या बाटलीत पाणी होतं. निम्मं पाणी. अर्धी तिथंच पिऊन, उरलेली घेऊन मी पूल ओलांडला, आणि जसजसं गाव जवळ आलं तसतसा मला अन्याय सहन होईना. मी ठाण्यासमोर स्कूटर लावली, आत गेलो, बाटली टेबलावर ठेवली आणि दारूबंदीच्या जिल्ह्यातल्या हवालदाराकडे भेसळीची तक्रार नोंदवायला सांगितली. कायदा आहे की नाही, असंही विचारलं. त्यांनी मला बसायला बाक दिला, प्यायला पाणी दिलं, नाव विचारलं, घरचा नंबर विचारला. मी दिला. अर्ध्या तासानं दादा आला. मला न्यायला.

हे सांगून झाल्यावर मुकुंदरावांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पंचाईत आहे. आपण माफ करायला आला होतात, आणि त्यानं माफ करण्यासारखं काही केलेलंच नाही."

गॅलरीतून उतरताना मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. चोरी झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं तो राग माझ्याबरोबर होता. गावची भाषा हळूहळू सुटली, जेवणातलं तिखट कमी झालं, आईचा आवाज फोनपुरता उरला. राग तेवढा ताजा राहिला होता. तोच माझा पुलगावचा पत्ता होता. आणि त्याचं एक मोठं काम होतं, तेही त्या जिन्यात कळलं. दादानं मला बुडवलं, असं असेपर्यंत दारूनं मला बुडवलं असं होत नव्हतं. दादा निर्दोष सुटला की आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायला मी एकटाच उरत होतो.

कळलं म्हणून लगेच फोन केला असं नाही. मी आणखी काही महिने वाट पाहिली, न जाणो मुकुंदराव चुकले असतील.

मग आईनंच सांगितलं की मयुरीला लोणी काळभोरच्या एका कॉलेजात प्रवेश मिळालाय, वसतिगृहात राहणार, दादा सोडायला येतोय आणि त्याच दिवशी परतणार. माझ्याकडे यायचं त्यात नव्हतं. जुन्या सवयीनं मला त्यातही काहीतरी दिसायला लागलं. मग म्हटलं, जो भाऊ आपल्याला फलाटावर पळायला लावतो, त्याच्या घरी कोण कशाला येईल. फोन लावला. "जेवायला ये," म्हटलं. तो म्हणाला, "पाहू." आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, हाव म्हणते तो, म्हणजे 'हो' म्हणतोय.

तो आला. दुपारी, मयुरीला घेऊन. केस पांढरे, हातात सामानाची पिशवी. शुभांगीनं गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला आमच्याकडचा भात, केला होता. दादा आत आला, चप्पल काढली, आणि "पाणी घेतो" म्हणून सरळ स्वयंपाकघरात गेला. मी मागून पाहत होतो. त्यानं फ्रिज उघडला, पाण्याची बाटली काढली, झाकण काढून आधी वास घेतला. मग दुसरी काढली. तिचाही घेतला. ओट्याखालचं कपाट उघडून व्हिनेगरपर्यंत पोचला.

माझ्याच घरात, माझ्याच फ्रिजचा वास. तोंडापर्यंत आलं होतं. पण दिवसभर मी डेस्कवर बसून परक्यांच्या बॅगा उघडतो, आणि ते बिचारे निमूट उघडू देतात. मी म्हणालो, "दादा, वरच्या फळीवर पण बघ, तिथं मी ठेवायचो."

त्यानं बघितलं. मग पाणी प्याला.

पानावर बसल्यावर मी सगळं सांगितलं. मुकुंदरावांनी सांगितलं होतं की कारणं द्यायची नाहीत, केलं तेवढंच सांगायचं. म्हणून मी म्हणालो, "त्या दिवशी ठाण्यात मी स्वतः गेलो होतो. तू काही केलं नव्हतं. आणि मी गावभर आणि पुणेभर तुझं नाव घेतलं."

दादानं भातात तेल कालवलं. "माहीत हाय मले. अख्ख्या पुलगावले माहीत हाय. हवालदारच सांगत होता लोकाइले, हसून हसून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं ना. दुसऱ्या दिवशी, तू शुद्धीत असताना. तू म्हणला, पोलिसाइनं पढवलं मले." घास संपवून तो म्हणाला, "मंग म्हटलं, जाऊ दे. माह्यावर राग धरून राहिला तं निदान बायकोवर नाही काढणार."

शुभांगी वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "दोघांना पुरला, भाऊजी."

मयुरीनं ताटातला गोळा उगाचच बारीक केला. मला वाटत होतं की माफी मागायची ती एकाची. पंगतीत आणखी माणसं आहेत हे माझ्या ध्यानातच नव्हतं. शुभांगीची गोष्ट त्या दुपारी संपणारी नव्हती, आणि ती मी इथं लिहिणारही नाही. ती आमच्या दोघांत चालू आहे.

जे माझ्यासारखे निघून आलेत आणि जे तिकडं राहिलेत, त्यांना घराबद्दल माझ्याकडून काही गोड ऐकायचं असेल तर तो माणूस मी नाही. वरच्या खोलीत आता खरंच शिलाई मशीन आहे, आणि ते ऐकून मला बरं वाटलं. जागा रिकामी ठेवून कोणी माझी वाट पाहत नव्हतं, म्हणजे कोणी अडूनही बसलं नव्हतं. पूर्वी घर म्हणजे मला ज्यांच्यावर संशय घेता येईल अशी माणसं होती. आता ती माझ्यावर घेतात. बाटल्यांचे वास घेतात, आणि मग त्याच घरात पोटभर जेवतात. मला एवढं पुरतं. पुरत नसलं तरी सध्या मिळतंय ते हेच.

निघताना कॅब खाली आली होती. मयुरी बॅग घेऊन पुढं गेली. मी दादाला विचारलं, "हिला रविवारी इकडं पाठवशील? वसतिगृहाचं जेवण बेताचंच असतं."

दादा वाकून चपलेचा पट्टा लावत होता.

"येईल ते," तो म्हणाला. "पण तुह्या भरवशावर नाही. शुभांगीच्या."