क्रेनकाकांचा स्वस्तातला टॅब्लेट

क्रेनकाका तोंडापेक्षा हातांनी जास्त बोलायचे. चहा हवा असला की तर्जनी खाली करून हवेत बारीक गोल काढायचे, म्हणजे कप इथे उतरव. पुरे झाला की तळहात आडवा. आमच्या भिलाईतल्या कॅम्प-वन वस्तीच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, म्हातारा मुका आहे. मुका कसला! सारी नोकरी पोलाद कारखान्याच्या छताखाली, क्रेनच्या केबिनमध्ये बसून केलेली. तिथे कुणाचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. खाली उभा असलेला सिग्नलमन हातांनी सांगेल तसा माल उचलायचा, न्यायचा, ठेवायचा. निवृत्तीनंतर म्हातारपणाने कान गेले आणि तीच सवय पुन्हा कामी आली.

माणूस स्वप्नाळू. बोलता बोलता मध्येच कुठेतरी निघून जायचे. "वरून पायलं ना पोरी, त लोखंडबी हलकं दिसते," असं एकदा म्हणाले आणि मग अर्धा तास नुसते समोरच्या भिंतीवरचं ऊन बघत बसले. मी नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. अर्धा तास गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. तरी दुपारची मी त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसायचे, आणि मला बरं वाटायचं.

त्यांच्या मुलीने त्यांना एक टॅब्लेट पाठवला. स्वस्तातला, पण दिसायला ऐटबाज. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर चहा उकळून व्हावा. उन्हात पडदा दिसायचा नाही, कॅमेऱ्यात सगळे धुक्यात बसल्यासारखे यायचे, आणि चार फोटो काढले की जागा संपल्याची तक्रार. काकांना हे शिकवताना माझ्या नाकी नऊ येणार, अशी माझी खात्री होती. झालं उलटंच. मी घाईघाईत चार ठिकाणी दाबायचे आणि ते बिचारं यंत्र अडकून पडायचं. काका एकदाच अलगद बोट टेकवायचे आणि हात मांडीवर ठेवून वाट बघायचे. "झटका देल्ला का माल झुलते," असं मलाच शिकवायचे. नकाशा उघडून आकाशातून भिलाई-तीनचे रूळ न्याहाळणं हा त्यांचा दुपारचा आवडता उद्योग. चित्र आधी पुसट यायचं, मग हळूहळू उमटायचं, आणि काकांची त्याबद्दल काहीच तक्रार नसायची.

एक दिवस त्यांनी विचारलं, "याच्यात जयराम दिसन का?"

जयराम त्यांचा सिग्नलमन. वर्षानुवर्षं काका वर आणि जयराम खाली. निवृत्त झाल्यावर तो भंडाऱ्याकडे आपल्या गावी गेला. तिथे त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. काकांची कंबर प्रवास सोसत नव्हती. फोनचा उपयोग नाही, कारण एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला बोलता येत नव्हतं.

"मले त्याले एक सांगाचं हाय," काका म्हणाले. मी टॅब्लेटवर मोठ्या अक्षरांत लिहून विचारलं, काय?

"त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं माह्याच्यानं गेली. छपराच्या फटीतून ऊन उतरून राहिलं होतं, त्याच्यात धूळ चमकून राहिली होती. मी तेच पायत बसलो. त्यानं थांब म्हणून हात केला, तो मले दिसलाच नाई, अन् माल त्याच्या पायावर उतरला." थोडं थांबून म्हणाले, "साहेबाले त्यानं सांगितलं, माहाच पाय चुकला. बरा होऊन आला त माह्याच क्रेनखाली ड्यूटी मांगली. अन् मी आजवर त्याले काईच म्हटलं नाई."

कावून, म्हणजे का, असं मी लिहिलं. त्यांच्याच बोलीत लिहिल्यावर ते जरा हसले. मग पुन्हा भिंतीवरचं ऊन बघू लागले.

दर रविवारी दुपारी मी व्हिडिओ कॉल लावून द्यायला लागले. तिकडे जयरामची सून फोन धरायची. पहिल्या दिवशी दोघे नुसते बघत राहिले. मग जयरामने डावा हात उचलला, आणि इकडे काकांचे हात खुर्चीच्या हातांवर क्रेन चालवू लागले. दोघे मिळून नसलेला माल उचलायचे, नसलेल्या गाडीवर नेऊन ठेवायचे. जागं असून स्वप्नात असल्यासारखे चेहरे. टॅब्लेटचा फुटका आवाज, मागे पडणारं चित्र, कशाचीच त्यांना अडचण नव्हती.

पण हवं ते सांगणं राहूनच जायचं. "उचल हाय, उतरव हाय, थांब हाय. माफ कर म्हणाची खूणच नाई, अन् तोंडानं म्हणाले जीभ उचलत नाई," काका म्हणायचे. मी लिहिलं, सुनेला सांगते, ती त्यांच्या कानात सांगेल. काका एकदम रागावले. "नाई! मधात दुसरा सिग्नलमन चालत नसते."

मग सुनेचा निरोप आला की बाबा आता जेवत नाहीत, फार दिवस दिसत नाही. जयराम त्याच महिन्यात गेला, आणि काका पुढच्या वर्षी. आज गल्लीतून जाताना त्यांचा व्हरांडा रिकामा दिसतो. पण निरोपानंतरचा तो रविवार मला लख्ख आठवतो.

काकांनी टॅब्लेट आपल्या डाव्या पायाकडे वळवला आणि पायाची दोन बोटं हाताने झाकून दाखवली. मग टॅब्लेट पुन्हा मांडीवर ठेवला, हात जोडले आणि मान खाली घातली. नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. मधोमध ते गोल चाक फिरत राहिलं. माझे हात शिवशिवत होते, पण मी काही दाबलं नाही. काकांचे हात जोडलेलेच.

चित्र आलं, तर त्यात जयराम नव्हता, नुसतं कौलारू छत. मग पडदाभर एक पाय आला. तीन बोटांचा. आणि ती तिन्ही बोटं, लहान मुलाची हलावीत तशी, मुद्दाम हलत होती. मागून जयरामचा वाकडा, हसरा चेहरा आला. त्याने डाव्या हाताची तर्जनी उभी केली आणि हवेत बारीक गोल फिरवू लागला. त्या खुणेचा अर्थ एव्हाना मलाही कळत होता: वर घे.

काकांनी मान पुरती वर घेईपर्यंत ते बोट फिरत राहिलं.