स्प्रिंकलरचा पाइप आणि बंडूजींची जीप

हायवेवरच्या जाम गावच्या चौकात माझ्या भाऊजींचं, म्हणजे बंडूजींचं, गॅरेज होतं. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस. पण खोड एकच वाईट, चांगल्या चाललेल्या गाडीलाही हात लावल्याशिवाय राहवायचं नाही.

२००३ साली त्यांनी टर्बोवाली जुनी डिझेल जीप घेतली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो, म्हणून गाडीला जोर येतो. ही हवा नेणारा पाइप भाऊजींना फारच बारीक वाटला.

"वावरात पाणी जास्त पाह्यजे तं आपण जाड पाइप टाकतो नं? मंग हवेले काऊन बारीक?"

असं म्हणून त्यांनी शेतातल्या स्प्रिंकलरचा जाड पाइप कापून, चांगला लांब वळसा देऊन बसवला. मी मान डोलावली. जावयाला नाही कोण म्हणणार?

त्याच आठवड्यात भाऊजी, त्यांची बायको म्हणजे माझी बहीण कांताताई आणि मी समुद्रपूरहून परतत होतो. हायवे ओलांडायला भाऊजींनी ॲक्सिलेटरवर पाय दाबला, तर जीप नुसती गुरगुरली. ट्रकचा हॉर्न अंगावर आला. मग एकदम जोर आला आणि आम्ही पलीकडे फेकलो गेलो. गाडी थांबताच ताई उतरली.

"तुमी हात लावलेल्या गाडीत मी आता बसत नाई," एवढं बोलून पायी घरी निघाली.

गिऱ्हाइकांनी शिव्या दिल्या असत्या तरी भाऊजींना एवढं लागलं नसतं. त्यांनी टर्बो खोलला, पुन्हा लावला. दोष सापडेना. ताटावरून अर्धपोटी उठू लागले.

एका सकाळी आम्ही दोघं हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो. मोटर सुरू झाली, पण स्प्रिंकलरचे लांबचे फवारे गप्प. सगळा पाइप भरला तेव्हा कुठे ते फिरायला लागले. भाऊजी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मटकन बसले.

"पह्यले पाइप भरते रे! मंगच दाब येते. जाड अन् लांब पाइप, तं भराले उशीर. हवेचं बी तसंच असन!"

माझ्या अंगावर काटा आला. डोळ्यांना न दिसणारी हवा, तिलाही आधी रिकामी जागा भरावी लागते! दर हिवाळ्यात हे समोर घडत होतं आणि आम्ही दोघे बैलासारखे बघत उभे होतो. देवानं ही दुनिया काय रचून ठेवली आहे, असं वाटून मी कितीतरी वेळ त्या फवाऱ्यांकडे पाहत राहिलो.

दुपारी जुना बारीक, आखूड पाइप परत बसला. भाऊजी जीप घेऊन एकटेच चौकाकडे निघाले, तेवढ्यात ताई पिठाचे हात पुसत आली आणि शेजारी बसली. मीही मागे चढलो.

"तू तं बसत नव्हती," भाऊजी म्हणाले.

"अन् पुन्हा तसंच झालं, तं मी घरी राहून काय करू?"

भाऊजींनी पाय दाबला. जीपने तिथल्या तिथे उचल घेतली; आम्ही हायवेपलीकडे पोचलो तरी येणारा ट्रक दूरच होता. भाऊजी गाडी बाजूला घेऊ लागले. त्यांचे डोळे भरले होते.

"थांबता काऊन?" ताई म्हणाली. "चाला समोर."