माझ्या सहाजणी

लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मी काही बोलले नाही. ताटात तांदूळ पसरले होते. नवऱ्याने अंगठीने त्यात अक्षरं काढली, भोवतीच्या बायकांनी ती मोठ्याने वाचली आणि पेढे फिरले. नाव सासूबाईंनी निवडलं होतं. वाईट नव्हतं, फक्त माझं नव्हतं. पण मांडवात इतकी माणसं पेढ्यासाठी हात पुढे करून उभी असताना नवरी मुलगी हरकत घेते, असं आमच्या साताऱ्यात मी तरी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी मीही गप्प बसले. याचा राग पुढे बरेच महिने माझ्या मनात होता. बहुतेक स्वतःवरच होता.

पंधरा दिवसांत आम्ही चेन्नईला आलो. नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. अड्यारला वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि खाली घरमालकीण, जिला सगळी गल्ली मामी म्हणे. मामी मूळच्या तंजावरच्या मराठी. त्यांचं मराठी कानाला जुन्या पोथीतलं वाटे, बोलण्याची चाल मात्र पक्की तमिळ. पहिल्याच दिवशी त्यांनी जिन्यात मला नाव विचारलं आणि मी अडखळले. जुनं सांगावं तर नवऱ्यासमोर बरं दिसेना, नवं सांगायला जीभ वळेना.

मामी हसून म्हणाल्या, "नांव विचारलें मी, वय नाही."

नवऱ्याने पुढे होऊन नवं नाव सांगितलं. खरं तर तो स्वतः मला त्या नावानेही हाक मारत नसे. त्याचं सगळं "अगं" वरच भागायचं.

सकाळी सातला कंपनीची बस त्याला घेऊन जाई ती संध्याकाळी सातला परत सोडी. मधल्या बारा तासांत मी, तमिळ न समजणारा माझा मेंदू आणि हॉलमधला कॉम्प्युटर. त्यावर त्याचा एक गेम होता. रविवारी तो तासन्‌तास खेळे. तलवारी, जादूटोणा, जंगलं, गुहा. खेळणाऱ्याने स्वतःचा एक नायक बनवायचा आणि वाटेत भेटतील ते सोबती घेत सहाजणांची टोळी जमवायची. हे सोबती तयार होऊनच आलेले असत. प्रत्येकाचा चेहरा ठरलेला, स्वभाव ठरलेला, मागची गोष्ट ठरलेली. ते आपसांत भांडत, नायकाला टोमणे मारत. माझ्या नवऱ्याला त्यातच सगळी गंमत वाटे.

मला वाटली नाही. मला आधीच एक तयार सासर, तयार घर आणि तयार नाव मिळालं होतं. खेळातही तयार माणसं कशाला? एका दुपारी मी गेम उघडला. नायक बनवायच्या पानावर शेवटी एक रिकामी चौकट येते, नाव लिहायची. मी माझं नाव लिहिलं, लग्नाआधीचं. कित्येक महिन्यांत ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. तिथे कर्सर लुकलुकत होता आणि मी नुसती बघत बसले.

मग मला सहाच्या सहा हव्याशा झाल्या. सरळ मार्गाने एकच बनवता येई. पण मेनू चिवडताना कळलं की हा गेम अनेकांनी मिळून खेळायचीही सोय आहे आणि तिथे एकटीनेच बसून सहाही जागा आपण भरल्या तरी कॉम्प्युटर काही विचारत नाही. मी भरल्या. कॉलेजच्या होस्टेलवरच्या माझ्या पाच मैत्रिणी, हजेरीपटावर होत्या त्याच नावांनी. मेसमधून बिनदिक्कत केळी लांबवणारीला चोर केलं. रेक्टरशी भांडायला कायम पुढे असणारीला ढाल आणि तलवार दिली. डोकं दुखलं की बाम चोळून देणारी अर्थात वैदू. पाचांतल्या चौघींची तोवर लग्नं झाली होती आणि तिघींची नावं बदलली होती. माझ्या टोळीत मात्र कुणाचंही बदललं नव्हतं.

नवऱ्याने हे पाहिलं आणि पोट धरून हसला. म्हणाला, यांना तोंडच नाही, तू जा म्हणशील तिथे जाणार, मर म्हणशील तिथे मरणार. "मुकी बिचारी कुणीही हाका," तो म्हणाला, आणि ते मला झोंबलं, कारण खरं होतं. माझ्या सहाजणी एकमेकींशी एक शब्द बोलत नसत. होस्टेलवर ज्यांचं तोंड एक मिनिट बंद नसे त्या इथे मुकाट रांगेत चालत. तरी मी हटले नाही. पहिल्याच खाणीत त्या सहाही जणी चार वेळा मेल्या, मी पाचव्यांदा नेल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली मी.

अशात साताऱ्याहून कुरिअर आलं. नवऱ्याला कंपनी वर्षभराच्या ट्रेनिंगला परदेशी पाठवणार होती, मी बरोबर जाणार होते, म्हणून माझा पासपोर्ट काढायचा होता. तो नव्या नावाने निघावा यासाठी राजपत्रात नावबदल छापून आणण्याचा फॉर्म सासऱ्यांनी भरून पाठवला होता. त्यांचं काम चोख. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने तीन फुल्या. महिनाअखेर फॉर्म परत पोचायला हवा होता. तांदळातलं नाव दुसऱ्या दिवशी भातात शिजून गेलं होतं. हे छापलं जाणार होतं. माझ्या मार्कशीटवरचं, माझ्या वडिलांनी बारशाला ठरवलेलं नाव त्यानंतर 'पूर्वीचं नाव' होणार होतं. मी फॉर्म कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवला आणि करते, करते म्हणत दिवस ढकलू लागले.

त्याच आठवड्यात मी चेन्नईतच नुंगंबाक्कमला एका मुलाखतीला गेले. परदेशी डॉक्टरांच्या टेप ऐकून टाइप करण्याचं काम होतं, तेव्हा चेन्नईत अशी ऑफिसं गल्लोगल्ली निघाली होती. अर्जावर आडनावाला जागाच नव्हती. एक नाव आणि एक इनिशियल. इथली रीतच तशी, माणूस म्हणजे त्याचं स्वतःचं नाव आणि मागेपुढे एक अक्षर. सातारकर आडनावावर किती मिरवतात, आणि इथे त्याला कुणी विचारत नव्हतं. म्हणजे नाव गेलं की माझ्याकडे एक अक्षर उरणार होतं. मी अर्जात माझं नाव लिहिलं. इनिशियल नवऱ्याचं दिलं. तेवढी तडजोड मला चालणार होती, पण त्यापुढे नाही, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

रविवारी दुपारी नवरा खेळत होता आणि मी मागे बसून भाजी निवडत होते. त्याच्या टोळीत एक वैदू बाई होती, फार दिवसांची. त्याने तिला उत्तमातलं उत्तम चिलखत दिलं होतं. त्या दिवशी त्याने लुटीच्या लोभाने एका गावकऱ्याला मारलं. त्याबरोबर त्या बाईने त्याला चार शब्द सुनावले आणि टोळी सोडून चालू लागली. चिलखतासकट. तो खुर्चीतून अर्धा उठला. एवढं सगळं दिलं मी हिला, असं काहीसं पुटपुटला.

मला आधी हसू आलं. मग हातातली भाजी हातातच राहिली. इतके दिवस मी तयार सोबत्यांना नावं ठेवत होते, की यांचं सगळं दुसऱ्याने लिहिलेलं. पण नाही म्हणून निघून जाणं माझ्या सहाजणींपैकी एकीला तरी जमलं असतं का?

"हिला तुम्ही घेतलीत तेव्हा हिचं नाव बदललंत का?" मी विचारलं.

"नाही बदलता येत," तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. "ती तिच्या नावानेच येते."

"मग मीही माझ्याच नावाने आले होते. त्या फॉर्मवर मी सही करणार नाही."

तो वळला. आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग म्हणाला, खेळ वेगळा आणि घर वेगळं. आई काय म्हणेल, पासपोर्ट लटकेल, ट्रेनिंग हातचं जाईल. मी म्हटलं, पासपोर्ट माझ्या नावानेही निघतो, मी चौकशी केली आहे. लग्नाचा दाखला जोडायचा, बस. तो म्हणाला, मांडवात का नाही बोललीस? मी भ्याले होते, आणि तेच सांगितलं.

चार दिवस तो माझ्याशी मिठापुरतं बोलला. मला भीती वाटत होती, हे लपवत नाही. परक्या गावात बोलायला मिळून दीड माणूस, त्यातलं एक रुसलेलं. उरलेलं अर्धं म्हणजे मामी, आणि त्यांचं पोथीतलं मराठी मला निम्मंच कळे, बाकीचं हातवाऱ्यांनी चाले. मी दुपारी माझ्या सहाजणी काढल्या आणि ती खाण पार केली, अकराव्या खेपेला. वैदू माझ्या नावाच्या बाईला जिवंत करत होती आणि मी एकटीच त्यांच्याशी मोठ्याने बोलत होते. त्या बोलत नाहीत तर नाही, त्या माझ्या आहेत. हा पक्ष मी आजही सोडलेला नाही. पण फॉर्मवर नाही म्हणायचं काम त्या माझ्यासाठी करणार नव्हत्या. ते मलाच करावं लागणार होतं, आणि सासूबाईंसमोर पुन्हा एकदा.

ती वेळ शुक्रवारी आली. संध्याकाळी साताऱ्याचा फोन वाजला. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. हात पुसून बाहेर येईपर्यंत नवऱ्याने रिसीव्हर उचलला होता. मी दारातच थांबले. बराच वेळ तो नुसता हं, हं करत होता. सासूबाई फॉर्मचं विचारत होत्या, हे कळत होतं. मी हात पुढे केला, फोन मागण्यासाठी. त्याने मान हलवली आणि दिला नाही.

"नाही आई, ती सही करणार नाही," तो म्हणाला. पलीकडचं ऐकून पुन्हा म्हणाला, "नाही, मी नाही समजावणार. तिचं बरोबर आहे."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्याचे कान लाल झाले. मी परत आत गेले आणि उरलेला कांदा चिरायला घेतला. सासूबाई पुढे दोन वर्षं पत्रावर नवंच नाव घालत राहिल्या, तो भाग वेगळा.

रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. मग बाहेरून कुणीतरी एका बाईला हाक मारली. मला वाटलं, खाली मामींकडे कुणी आलंय. नवऱ्याच्या आवाजात माझं ते नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. त्याने पुन्हा हाक मारली, तेव्हा मी ओ दिली.