परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

एखाद्या माणसावर तीस वर्षं राग धरायचा तर अंगात चिकाटी लागते, आणि ती माझ्यात आहे. लोकांना वाटतं राग आपोआप टिकतो. टिकत नाही. विरजणासारखं त्यातलं थोडं रोज बाजूला काढून ठेवावं लागतं.

ज्यांच्यावर मी तो धरला, ते गृहस्थ मंडईजवळच्या एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाला दर वर्षी सामान्यज्ञान स्पर्धा घ्यायचे. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. मीही ‘सर’च म्हणते, पुण्यात वाढलं की मनातल्या मनात शिव्या देतानाही ‘अहो’ सुटत नाही. सरांचे प्रश्न जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेले असत, खाली उत्तर. विज्ञान, निसर्ग, इतिहास, धर्म, तत्त्वज्ञान, सगळं त्या पत्रिकांवर मावायचं. आणि दाराशी सूचनाफलकावर शेवटची ओळ ठरलेली असायची: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. आपल्याकडे रांगोळीची स्पर्धा असो की वक्तृत्वाची, या ओळीशिवाय ती भरत नाही. लहानपणी मला ती नुसती शोभेची वाटायची.

बाबा भोसरीला एका कारखान्यात भट्टीवर होते. लोखंडी भाग लालबुंद तापवायचे, तेलात बुडवून थंड करायचे, पुन्हा तापवायचे. बुलढाण्याकडून पोटासाठी पुण्यात आलेला माणूस, दहावीच्या पुढे शिकता आलं नव्हतं, आणि त्याची भरपाई ते वाचनालयातून करत. आम्ही दापोडीला राहायचो. साप्ताहिक सुट्टीला बसनं मंडईत जायचं, भाजी घ्यायची, पुस्तक बदलायचं, असा त्यांचा नेम. मग आठवडाभर जेवताना आम्हाला प्रश्न. मुंग्यांना परत घर कसं सापडतं? चार्वाक परलोकाबद्दल काय म्हणायचे? उंटाच्या पाठीवरच्या उंचवट्यात पाणी असतं की चरबी? आई म्हणायची, आधी भाकरी घ्या, उंट कुठे पळून जात नाही. मला मात्र वाटायचं की माझ्या बापाला माहीत नाही असं जगात काही नाही.

मी अकरा वर्षांची असताना बाबांनी स्पर्धेत नाव दिलं. सकाळी भाजी घेतली, पिशवी माझ्या मांडीवर दिली आणि ते स्टेजवरच्या खुर्चीत जाऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, पायात मात्र कारखान्याचेच बूट. मी पहिल्या रांगेत. शेवटच्या फेरीपर्यंत दोघेच उरले, बाबा आणि एक बँकेतले गृहस्थ.

अष्टांगिक मार्गाचं पहिलं अंग कोणतं, असा प्रश्न बाबांना आला. बाबा म्हणाले, “सम्यक दृष्टी.” सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “हे आपल्याला येणारच.” कोणीतरी खाकरलं. आमच्या घरी आजोबांपासून बुद्धवंदना होते, तेव्हा येणारच हे खरंच होतं. पण बँकेतल्या गृहस्थांना गीतेचे अध्याय किती असं विचारलं आणि त्यांनी अठरा सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, “वा, वाचन दांडगं आहे.” ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघायला मला पुढे बारा-पंधरा वर्षं लागली. बघितली आणि राग दुप्पट झाला.

मग बाबांचा शेवटचा प्रश्न आला. सूर्यमालेतला सर्वांत उष्ण ग्रह कोणता?

“शुक्र,” बाबा म्हणाले.

सरांनी पत्रिका पाहिली. “चूक. बुध.”

बाबा उभे राहिले. परक्यांपुढे ते फार जपून, पुस्तकासारखं बोलायचे. “सर, बुध जवळ आहे, पण त्याच्याभोवती हवा जवळजवळ नाहीच. शुक्रावर दाट आवरण आहे. उष्णता आत राहते, बाहेर पडत नाही. आमच्या भट्टीचंही तसंच आहे. झाकण लावल्यावर...”

“अहो, चुलीजवळ बसलेल्याला चटका बसणार की ओसरीवरच्याला?” सर म्हणाले. “आणि आपल्या कारखान्यात ग्रहही तापवायला येतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.”

सभागृह हसलं. पुण्यातलं सभागृह मोठ्यानं हसत नाही, नाकातून हसतं, आणि ते जास्त लागतं. बाबा खाली बसले. बँकेतल्या गृहस्थांना पहिला क्रमांक मिळाला.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी कदाचित विसरले असते. पण कार्यक्रम संपल्यावर बाबांनी कपाटातून खगोलशास्त्राचं एक जाड पुस्तक काढलं, पान उघडलं आणि सरांपुढे धरलं. सरांनी पूर्ण परिच्छेद वाचला. मी बाजूला उभी होते, त्यांचे डोळे ओळीवरून फिरताना मी पाहिले. मग त्यांनी पुस्तक मिटलं, बाबांच्या हातात परत दिलं आणि म्हणाले, “परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, असं बाहेर लिहिलेलं आहे. आपल्याला वाचता येतं, तेव्हा ते वाचलं असेलच.”

चुकणं मी समजू शकते. बुध जवळ म्हणून बुध उष्ण, ही चूक कोणीही करील. पण कळल्यावरही या माणसानं उत्तर बदललं नाही, ते मी समजून घेणार नाही.

त्या दिवसापासून बाबा वाचनालयात गेले नाहीत. सुट्टीला मंडईऐवजी दापोडीतच भाजी घेऊ लागले. जेवताना प्रश्न बंद झाले. मीच एकदा काही विचारलं, तर म्हणाले, “मास्तरले ईचार.” त्यांचं बोलणं कमी होत होत हवा, पाणी आणि रेशन एवढ्यावर आलं. माझ्याकडे बघून बोलणंही कमी झालं. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूनं माझ्या घरातला सगळ्यात हुशार माणूस मुका केला, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. आणि त्याखाली ठरवलं होतं की बाबा गप्प झाले तसं एक दिवस सरांनाही गप्प बसवायचं, त्याच स्टेजवर, आणि बाबांच्या देखत.

मी भौतिकशास्त्र घेतलं. वाघोलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी लागली, आई गेल्यावर बाबांना तिकडेच नेलं. वाचनालयाचं सभासदत्व मी घेतलं ते पुस्तकांसाठी नाही. काही वर्षांनी कार्यकारिणीत गेले, शनिवारी देवघेवीच्या टेबलावर बसू लागले. सर यायचे, पुस्तक मागायचे. मी म्हणायचे, “बाहेर गेलंय, सर.” ते माझ्या ड्रॉवरमध्ये असायचं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. ते हात हलवत परत जायचे तेव्हा मला फार छान वाटायचं. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग सरांचे डोळे अधू झाले, चिठ्ठ्या वाचता येईनात, आणि कार्यकारिणीनं स्पर्धा घ्यायचं काम माझ्यावर सोपवलं. त्यावर कडी म्हणजे सर म्हणाले, “इतकी वर्षं विचारलं, आता एकदा समोर बसून बघतो.” स्पर्धकांच्या यादीत त्यांचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं. घरी येऊन बाबांना म्हटलं, गेल्या तीस वर्षांत तुम्ही आला नाहीत, पण यंदा प्रश्न मी विचारणार आहे. ते म्हणाले, “येतो.”

सरांसाठी एक चिठ्ठी मी वेगळी केली होती. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या महिन्यात येते? खरं उत्तर जानेवारी. ऋतू जवळ-लांब असण्यानं होत नाहीत, पृथ्वीच्या कललेल्या आसानं होतात. पण शंभरातल्या बहुतेकांना वाटतं की उन्हाळा म्हणजे सूर्य जवळ. मी चिठ्ठीवर उत्तर लिहिलं: मे. मुद्दाम, ठळक अक्षरात. सरांना खरं उत्तर येणार, याची मला खात्री होती. त्यांनी ते बरोबर सांगावं आणि लोकांनी त्यांना हसावं, एवढंच मला हवं होतं.

स्पर्धा दुपारी चारला सुरू झाली. बाबा भिंतीकडेच्या खुर्चीत बसले होते. सर छान खेळले. खडकवासल्याचं धरण मुठेवर, हे सांगताना तर त्यांनी नदीचा उगमही सांगून टाकला. शेवटच्या फेरीत मी ती चिठ्ठी काढली.

“जानेवारी,” सर लगेच म्हणाले.

“चूक,” मी म्हणाले. “मे.”

“नाही, नाही. जानेवारीच. अगदी सुरुवातीला.”

“अहो सर, जानेवारीत अख्खं पुणं स्वेटर घालून फिरतं. सूर्य जवळ आला म्हणून घालतात का?”

सभागृह नाकातून हसलं. तीस वर्षांत त्यातला एक सूरही बदललेला नव्हता. सर उठून उभे राहिले. “तुम्ही पुस्तक पाहा. मी सांगतो ते...”

“परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, सर.”

ते खाली बसले. मला जे सुख झालं ते मी लपवत नाही. मी बाबांकडे बघितलं, हे तुमच्यासाठी, असं डोळ्यांनी सांगायला.

बाबा उभे राहिले होते. पुढच्या खुर्चीची पाठ धरून, पुस्तकातल्या भाषेत ते म्हणाले, “सरांचं उत्तर बरोबर आहे. पृथ्वी जानेवारीतच जवळ असते. परीक्षकांनी चुकीचं लिहिलं आहे. त्यांनी ते दुरुस्त करावं.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. कोणीतरी मोबाइल काढून पाहिलं आणि मान डोलावली. मी म्हणाले, “दुरुस्त करते. जानेवारी.” त्या गुणांवर सर पहिले आले.

कार्यक्रमानंतर सर काठी टेकत बाबांपाशी गेले. “आपले आभार. आपण विज्ञान शिकवत होतात का?” बाबा म्हणाले, “नाही. भट्टीवर होतो.” आता त्यांना आठवेल, असं मला वाटलं. सर म्हणाले, “असं का. छान.” त्यांना काहीही आठवलं नाही. मी ज्यांच्यावर आयुष्याची तीस वर्षं खर्च केली, त्या माणसाच्या डोक्यात आम्ही दोघं कुठेच नव्हतो. जाता जाता ते मला म्हणाले, “पुढच्या वेळी चिठ्ठ्या एकदा तपासून घेत चला.”

वाघोलीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. खराडी आल्यावर बाबा घरच्या बोलीत म्हणाले, “खोटं काऊन लिहिलं?”

“तुमच्यासाठी.”

“मले ईचारलं होतं?”

“त्यांनी तुमचा अपमान केला होता, बाबा. भर सभेत. तेव्हापासून तुम्ही बोलायचे बंद झालात.”

“केला ना. परका मानूस. चुकला, अन् चुकलो म्हनाची हिंमत नव्हती त्याच्यात. ते मी आठ दिवसांत इसरलो असतो.” ते खिडकीबाहेर बघत होते. “पन तू समोर बसली होती पिशवी घेऊन. अन् सगळे हसले तवा तू बी हसली. मी बोलतच होतो, तुले पाह्यलं अन् खाली बसलो.”

हे मी वर लिहिलेलं नाही. विसरले होते म्हणून नाही. कारखान्यात ग्रह तापवायला येतात, हे ऐकून मला खरंच हसू आलं होतं, आणि आजूबाजूची चांगल्या कपड्यांतली माणसं हसत होती, तसं मलाही हसायचं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं तेही मी पाहिलं होतं. सरांवरचा राग रोज ताजा ठेवला की त्या एका क्षणाकडे वळायची वेळ येत नव्हती, म्हणून मी तो ठेवला.

“मी अकरा वर्षांची होते, बाबा.”

“हो,” ते म्हणाले. “म्हून तर कधी बोललो नाही.”

वाघोलीचा स्टॉप यायला अजून बराच वेळ होता.