पान ११७ आणि शकीलभाईंचं बोट

आधीच कबूल करते, असल्या सदरातले अनुभव मी चुका काढायला वाचते. लाईट गेली म्हणता, मग मोबाईलला रेंज कशी होती? दार आतून बंद होतं, मग चहा आणून कुणी दिला? सवयच तशी लागलीय. बारा वर्षं क्यूसीत काढली — म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम तपासायचं, मोजायचं आणि बरोबर असेल तरच सही करायची. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची... माझा कशावरच विश्वास नव्हता. आजही नाही.

तरी हे लिहितेय. कारण ऑफिसातल्या लोकांनी "मॅडमला उन्हाचा त्रास झाला" असं पसरवलंय. मला कसलाही त्रास झालेला नाही.

आमची कंपनी जुनी कागदपत्रं स्कॅन करून देते. गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका जुन्या शाळेचं काम मिळालं. सुट्टी होती, म्हणून वरच्या मजल्यावरचा एक वर्ग आम्हाला दिला. शेजारच्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट दिवसभर चालू, पत्रा तापलेला, कूलर नावाला. शाळेची जनरल रजिस्टरं स्कॅन करायची होती. पोरगं शाळेत दाखल झालं की त्याचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा हे सगळं ज्यात लिहितात ते रजिस्टर.

स्कॅनरवर शकीलभाई. वय पन्नाशीचं, हात एकदम हलका. जुनं पान उलटताना कोपरासुद्धा दुमडणार नाही. पायाने पेडल दाबलं की फोटो निघतो. एका हाताने पान धरायचं, पेडल मारायचं, पुढचं पान. क्यूसीला मी.

नियम असा, की रजिस्टर हातात आलं की आधी पानं मोजायची आणि आवक शीटवर लिहायची. एके दिवशी सकाळी एक रजिस्टर आलं. छापील आकडे एक ते दोनशे, पण ११७-११८ हे पान मुळापासून फाडलेलं. शिवणीत बोटभर पट्टी तेवढी राहिलेली. मी शीटवर लिहिलं, "पृष्ठे १९८. ११७-११८ नाही." माझी सही, शकीलभाईंची सही, शाळेच्या हेडक्लार्कची सही. ते रजिस्टर हाताळताना शिवणीची गंजकी तार शकीलभाईंच्या तर्जनीत घुसली. मीच त्यांना निळी चिकटपट्टी गुंडाळून दिली.

दुपारी अडीचला मी इमेज मोजल्या... दोनशे.

पुन्हा मोजल्या. दोनशेच. ११६ नंतर ११७ होतं, मग ११८, मग ११९.

मी ११७ उघडलं. पिवळं पडलेलं पान, बोरूचं वळणदार अक्षर, आणि पानाच्या कडेला ते धरणारं बोट. निळी चिकटपट्टी गुंडाळलेलं.

"शकीलभाई, इकडे या जरा."

ते आले, बघितलं आणि मागेच सरले. "मॅडम, मेरी कसम... पान हैच नहीं वहाँ. मैं कैसा पकडूंगा?"

रजिस्टर उघडून बघितलं. फाटकी पट्टी जागच्या जागी होती.

मी घाबरले नाही. मला राग आला. माझ्या टेबलावर हिशोब लागत नाही म्हणजे काय? रजिस्टर पुन्हा स्कॅन केलं, १९८ आल्या. तिसऱ्यांदा केलं, तरी १९८. दुसऱ्या दिवशी स्कॅनर कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. त्याने मशीन तपासलं, मेमरी तपासली, सगळ्या इमेजच्या वेळा काढल्या. ११६, ११७, ११८, ११९ — प्रत्येकीत सात-आठ सेकंदांचं अंतर. जसं रोज असतं तसंच. त्याने खांदे उडवले. "मॅडम, मशीनच्या मते ते पान तिथे होतं."

आता त्या पानावर काय होतं ते सांगते. चौथ्या ओळीत एका मुलीचं नाव होतं. तानुबाई.

तानुबाईंना मी ओळखत होते. सत्तरीच्या म्हातारबाई. माणदेशाकडचं मेंढरं राखणारं घराणं. वडील सोलापुरात मिलमध्ये वॉचमन म्हणून आले आणि इथेच राहिले. भावाच्या नातीला नर्सिंगला ॲडमिशन हवं होतं, आणि भाऊ तर कधी शाळेत गेलाच नव्हता. त्यासाठी जातीचा दाखला, आणि दाखल्यासाठी आजीच्या शाळेचा जुना उतारा. खाली ऑफिसात त्यांना दर वेळी एकच उत्तर मिळायचं — पान गहाळ आहे. मग पाणी प्यायला त्या जिना चढून आमच्याकडे यायच्या.

"बाई, मशीनमदी तरी बगा की. दोन वरसं हितं शाळा शिकलेय मी. खोटं कशापायी बोलू?"

मी दर वेळी सांगायचे, "आजी, कागदावर जे नाही ते मशीनमध्ये कसं येईल?"

आमच्या मॅनेजरला मी सगळं दाखवलं. त्याने बोटाकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "पहिली बॅच उडवा. रीस्कॅनवाली ठेवा. १९८ पानं, १९८ इमेज. सही करा, विषय संपला."

"नाही सर. पहिली बॅच उडवायला कारण लिहावं लागतं. काय लिहू? इमेज खराब? खराब नाही. दुसऱ्या रजिस्टरची? तसंही नाही."

"मग शीटवर काय लिहिणार? भूत आलं होतं म्हणून?"

"जे झालं तेच लिहिणार."

आणि लिहिलं. "पृष्ठे १९८, इमेज २००. फरक २. कारण माहीत नाही. दोन्ही बॅच ठेवल्या आहेत." खाली माझी आणि शकीलभाईंची सही. मॅनेजरच्या समोर हेडक्लार्कची सही घेतली आणि एक प्रत त्यांच्या फाईलला लावली. आता ते खोडायचं तर तिघांनी मिळून खोडावं लागलं असतं.

घरी आईला सांगितलं. आई अक्कलकोटची, काळजी वाटली की कानडीत बोलते. "सुम्मने बिडु गं... सोडून दे की, उगं कशाला अंगावर घेतीस?" म्हटलं, आई, अंगावर घेतलेलं नाही, शीटवर घेतलंय.

हेडक्लार्क मात्र उताऱ्याला नाही म्हणाले. "मूळ पान नाही, तर खरी प्रत कशाची देऊ?" मुद्दा बरोबर होता. त्यांच्या जागी मीही हेच म्हणाले असते. मग त्यांची परवानगी घेऊन मी त्या इमेजचा प्रिंट काढला, वर पेनाने लिहिलं "हा पुरावा नाही", आणि तानुबाईंच्या नातीला दिला.

नात तिथेच उभं राहून वाचायला लागली. "आजी, आधीची शाळा म्हणून माळशिरस तालुक्यातलं गाव लिहिलंय बघ."

म्हातारी एकदम खालीच बसली. "आगं, त्ये माजं आजोळ! मामा रोज न्हिऊन सोडायचा शाळंत. मला वाटायचं नुसतं पोरांत बसवत्यात... माजं नाव घातलं व्हतं व्हय तितं?"

साठ-पासष्ट वर्षांत तिला ठाऊक नव्हतं, की अजून एका शाळेत आपलं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी आजी-नात एसटीने तिकडे गेल्या. त्या शाळेचं रजिस्टर पेटीत होतं, अख्खं. नाव, वडील, जात, जन्मतारीख — आमच्या इमेजमध्ये होतं तसंच, शब्दाला शब्द. त्या उताऱ्यावर दाखला झाला. पोरगी आज नर्सिंगला आहे.

मला क्यूसीवरून काढून नावं टाईप करायला बसवलं. "शीट दुरुस्त करून द्या, परत घेतो," असा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा मी लेखी उत्तर दिलं, शीट बरोबर आहे. मॅनेजरने शकीलभाईंनाही विचारलं, बोट कुणाचं? ते म्हणाले, "मेरा है. झूट कायको बोलू?"

तुम्ही म्हणाल, मशीनची गडबड. म्हणा. पण शाळेच्या डिस्कवर दोन्ही इमेज आहेत, त्या बघून म्हणा. मी सहा महिने त्यात चूक शोधली. सापडली नाही. कारण मला आजही माहीत नाही.

दाखला मिळाल्यावर तानुबाई शेंगाचटणी घेऊन शाळेत आल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं — पान नव्हतं, तरी आलं, बोटासकट. मला वाटलं, आता हात जोडतील, देवाचं नाव घेतील. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि हेडक्लार्ककडे वळून विचारलं, "त्ये आलं कसं, त्ये ऱ्हाऊ द्या. आदी मला सांगा, फाडलं कुनी?"

हेडक्लार्क समोरची फाईल चाळायला लागले. आणि मला माझीच लाज वाटली... इतके दिवस मी, मॅनेजर, पुण्याचा इंजिनिअर — आम्ही सगळे पान आलं कसं हेच विचारत बसलो होतो. त्या पानावर अजून अकरा नावं आहेत. त्यांची नातवंडंही कुठल्या तरी ऑफिसात "पान गहाळ आहे" हेच ऐकत असतील.

मी शाळेला पत्र दिलं. उत्तर आलं नाही, म्हणून दुसरं दिलं. तिसरं आज टाकून आलेय, अकरा नावं लिहून. पान आलं कसं याचं उत्तर कुणाकडेच नसेल, माझ्याकडेही नाही. पण ते फाडणारा हात माणसाचाच होता, आणि त्याचं उत्तर मी घेतल्याशिवाय राहणार नाही.