रिसालसिंग मास्तरांचा घोडा

रिसालसिंग मास्तर समोरून येताना दिसले, की कासरखेडीतला माणूस आधी आपल्या खापरपणजोबाचं नाव आठवायचा, आणि नाही आठवलं तर गल्ली बदलायचा. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. मास्तरांनी एकदा धरलं की म्हशी तळ्यावर पाणी पिऊन घरी पोचायच्या, त्यांचा मालक मात्र तिथंच उभा. तुमचं गोत्र आधी कुठल्या गावचं, तिथून का निघालात, कुणाशी भांडून निघालात? लग्नात लोक जिलेबीची परात शोधायचे, तर मास्तर नवऱ्या मुलाचा आजा शोधायचे. एकदा तर ऐन स्मशानात त्यांनी मयताच्या भावाला मयताचं जन्मसाल विचारलं. चौघांनी दंड धरून त्यांना बाजूला नेलं, तर जाता जाता त्या चौघांना त्यांची सालं विचारली.

मास्तरांचं दुखणं वेगळंच होतं. ते म्हणायचे, जाटाला नांगर धरता येतो, काठी धरता येते, पण लेखणी धरायची वेळ आली की तो दुसऱ्याला बोलावतो, आणि तो दुसरा मग वाटेल ते लिहून जातो. म्हणून शाळेत मुलांना इतिहास शिकवता शिकवता त्यांनी गावाचा इतिहास लिहायला घेतला होता. तीस वर्षं झाली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळीच्या वह्या पालथ्या घातल्या, तहसिलीतली धूळ खाऊन कायमचा खोकला लावून घेतला. खाटेखाली जुन्या टेकाडाच्या विटा रचल्या. त्यातल्या दोन विटा त्यांच्या बायकोनं, भरपाईनं, एकदा चुलीला लावल्या, तेव्हा मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याच चुलीवरची बाजरीची भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

भरपाई ही पाच बहिणींतली शेवटची. आईबापानं देवाला 'आता पुरे, भरून पावलो' असं सांगण्यासाठी तिचं नाव तसं ठेवलेलं. आमच्याकडे अशी नावं गल्लीत दोन-दोन सापडतात. तिला लिहितावाचता येत नव्हतं, आणि मास्तरांच्या कागदांवर तिचा भयंकर राग होता. घरात बसायला जागा म्हणून उरली नव्हती बिचारीला.

तर ग्रंथ तयार झाला. चारशे बारा पानं, लोखंडी पेटीत. फक्त पहिला अध्याय कोरा होता. गाव वसवणारा मूळ पुरुष, दादा कासर, इथं आला कसा, याचा लेखी पुरावा मास्तरांना हवा होता.

सरपंच जिलेसिंगला पुरावा नको होता. शेजारच्या गावानं आपल्या पूर्वजाचा तलवार घेऊन उभा असलेला पुतळा बसवला होता. तेव्हापासून जिलेसिंगला अन्न गोड लागत नव्हतं. आपला दादा घोड्यावर हवा. पुतळा घडवायला टाकूनही झाला होता. पंचायत मास्तरांचा ग्रंथ छापणार, हजार प्रती, पण आधी पुतळ्यावरचा कपडा काढतील त्या दिवशी पहिला अध्याय गावापुढं वाचायचा. पहिल्या अध्यायात घोडा मात्र पाहिजे, एवढंच. मास्तर सत्तरीला आले होते. खोकला वाढला होता. आत्ता छापलं नाही तर पेटी आपल्या मागं रद्दीत जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या फाल्गुनात जागा आला. जागा म्हणजे वंशावळ्या सांभाळणारा. आमचा भँवरलाल राजस्थानातून सहा-सात वर्षांनी एकदा येतो, हल्ली मोटारसायकलवर येतो. त्याला चौपालात, म्हणजे गावच्या चावडीत, उंच खाटेवर बसवायचं, तुपात निथळणारा चुरमा खाऊ घालायचा, मग तो लाल कापडातली पोथी सोडतो. पोथीला कुणी हात लावायचा नाही. तिची वाकडीतिकडी लिपी जाग्यांशिवाय कुणाला वाचता येत नाही, असा जाग्यांचा समज आहे. पण मास्तर गेल्या चार खेपा त्याच्या पाठीशी हुक्का ओढत बसले होते, आणि हुक्का ओढता ओढता ती लिपी शिकले होते.

भँवरलालनं गळा साफ केला आणि सुरुवात केली. दादा कासर निळ्या घोड्यावर बसून आले, हाती नंगी तलवार, डोळ्यांत अंगार. चौपाल डोलायला लागली. मास्तरांनी त्याच्या खांद्यावरून पानात पाहिलं आणि त्यांच्या तोंडातली हुक्क्याची नळी सुटली. पानावर घोडा नव्हता. कासरची भुरी म्हैस हरवली, तो दोन दिवस तिच्या मागं चालला, म्हैस इथल्या तळ्यात बसली ती उठेना, म्हणून तोही राहिला. हाती काठी. एवढंच लिहिलं होतं.

मास्तरांनी भँवरलालला आपल्या बैठकीत नेऊन कडी घातली आणि पानावर बोट ठेवलं. पठ्ठ्या जरासुद्धा गडबडला नाही.

"मास्तरजी, लिहायचं ते खरं लिहायचं, आणि वाचायचं ते यजमानाच्या तोंडाकडे बघून वाचायचं. बापजाद्यांपासूनचा धंदा आहे आमचा."

"अरे, मग घोडा आला कुठून?"

"तो सरपंचाच्या आज्याच्या वेळी आला. त्या माणसानं तूप फार मन लावून वाढलं होतं, म्हणे."

भँवरलाल गेला आणि मास्तरांच्या डोक्याला ताप देऊन गेला. म्हैस लिहावी तर ग्रंथ गेला. घोडा लिहावा तर मग तीस वर्षं धूळ कशासाठी खाल्ली? शेवटी त्यांनी एक पळवाट काढली. मुलांना ते आयुष्यभर शिकवत आले होते, की एकाच साक्षीवर इतिहास उभा करू नये, दुसरी साक्ष हवी. म्हशीला दुसरी साक्ष कुठं होती? घोड्याला तरी कुठं होती म्हणा, पण तो प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही. बसले आणि घोडा लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं आणि जेवण कमी झालं. भरपाईनं विचारलं, पोटात दुखतंय का. ते म्हणाले, हो.

त्याच आठवड्यात घरची म्हैस व्यायली. म्हैस व्यायली की पहिलं दूध दादा खेड्याला वाहायचं, म्हणजे गावाबाहेर पूर्वजाचं पांढरं ठाणं आहे तिथं, अशी आमची रीत. ते काम बायकांचं. पुरुष तिकडे फिरकत नाहीत. पण भरपाईचा गुडघा धरला होता आणि दुधाचा घडा भरलेला. तेव्हा मास्तर घडा डोक्यावर घेऊन बायकांच्या वीस पावलं मागून निघाले, आणि गावानं तेवढ्यात तीनदा विचारून घेतलं की मास्तर, सून कधी झालात.

घडा ठेवून ते पिंपळाआड थांबले. बायका दूध ओतता ओतता गायला लागल्या. हे गाणं मास्तरांच्या कानावरून लहानपणापासून लांबून गेलं होतं, शब्द मात्र आज पहिल्यांदा ऐकू आले. दादा निघाला भुरीच्या मागं, पाय बरबटले चिखलानं. भुरी बसली तळ्यात. तिसऱ्या दिवशी त्याची बायको, दादी सरबती, भाकरी घेऊन आली, आधी पोटभर शिव्या दिल्या, मग म्हणाली, म्हैस उठत नाही आणि तू उठत नाहीस, तर मीच बसते, आणि तिथंच तिनं चूल मांडली. तेच आपलं गाव.

मास्तरांना दुसरी साक्ष मिळाली होती. सरबती हे नाव ना पोथीत होतं, ना हरिद्वारच्या वहीत. परतताना त्यांनी भरपाईला विचारलं, "तुला हे गाणं कधीपासून येतं?"

"लग्न होऊन आले त्या वर्षापासून. सासूबाईंनी शिकवलं."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? स्मशानातली माणसं सोडली नाहीत तुम्ही. मी तर घरातच होते."

मास्तरांना फार वाईट वाटलं. राग यावा असंही वाटलं, पण कुणाचा ते ठरेना.

पुतळ्याचा दिवस उजाडला. जिलेसिंगनं कपडा ओढला. घोडा दोन पायांवर, दादाच्या मिशा घोड्याच्या शेपटीला भारी. टाळ्या झाल्या. मग मास्तर उठले, खोकले, आणि पहिला अध्याय वाचला. तो नवा होता. त्यात म्हैस होती, तळं होतं, काठी होती, शिव्या देणारी सरबती होती.

हुक्क्याची गुडगुडसुद्धा बंद झाली. जिलेसिंग उन्हात पांढरा पडला. "मास्तर, कुणी सांगितलं हे तुम्हाला? नाव सांगा त्या माणसाचं."

आता आमच्यात पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. 'घरची मंडळी' म्हणतो, 'पोरांची आई' म्हणतो. मास्तरांनीही पंचेचाळीस वर्षांत घेतलं नव्हतं. पण साक्ष म्हटल्यावर साक्षीदाराचं नाव द्यावंच लागतं.

"भरपाई," ते म्हणाले. मध्येच खोकला आला म्हणून परत म्हणाले, "भरपाई. माझी बायको."

चौपाल हसून लोटपोट झाली. बायकांच्या बाजूला सगळ्या घुंगटांतला एक घुंगट आणखी खाली ओढला गेला. जिलेसिंग माईकवरून मास्तरांना ऊन लागल्याचं जाहीर करणार, तेवढ्यात त्याच घोळक्यातून त्याची पंचाऐंशी वर्षांची आई काठी टेकत उठली. "जिले, खाली बस. म्हैसच होती."

जिलेसिंग खाली बसला. घोडा मात्र तिथंच राहिला, आणि ग्रंथाचं 'नंतर बघू' झालं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. चारशे बारा पानं पेटीत परत गेली.

पण फार दिवस तिथं राहिली नाहीत. दुपारी कामं उरकली की बायका मास्तरांच्या दारात जमतात, भरपाई पेटी उघडायला लावते आणि मास्तर वाचतात. पानाला चार चुका निघतात. कुठली विहीर कुणाच्या सुनेनं खणायला लावली, कुठलं भांडण खरं कशावरून झालं, सगळं त्यांना पाठ. मास्तर खोडतात, खोकतात, परत लिहितात. विटा अंगणात गेल्या, कारण बसायला जागा लागते. आणि म्हैस व्यायली की बायका ठाण्यावर दूध वाहतात आणि येता येता थोडं त्या घोड्याच्या खुरांवर ओततात. गावातली पोरं त्याला भुरी म्हणतात.

परवा पहिलं पान स्वच्छ लिहून झालं. भरपाईनं विचारलं, माझं नाव कुठं आहे ते दाखवा. मास्तरांनी तिचं बोट धरून शेवटच्या ओळीवर ठेवलं. 'सांगणारी: भरपाई.'

तिनं बोट हळूहळू फिरवलं. "किती अक्षरं आहेत?"

"चार."

"चारच?" ती म्हणाली. "मग तीस वर्षं कशाला लागली?"